मदरबोर्ड गेला, बाकीचा पीसी नाही

पहिला पीसी स्वतः जोडलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडणारा प्रश्न आज घेतोय. मदरबोर्ड गेला, आता नवा कुठला घ्यायचा? मला तो या जूनमध्ये पडला, आणि त्यात मी एक चूकही केली. तीपण सांगतो, म्हणजे तुमचे तरी पैसे वाचतील.

आधी थोडं मागचं. २०२० मध्ये बीटेक झालं, नोकरी लागली आणि ऑफिस घरातच आलं. तेव्हा सांगलीच्या घरी मी पहिला पीसी जोडला. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, एक साधं ग्राफिक्स कार्ड. निम्मे पैसे माझे, निम्मे बाबांचे. आता मी पुण्यात असतो आणि मशीन धाकट्या बहिणीकडे आहे. ती आर्किटेक्चर करतेय.

एका गुरुवारी रात्री तिचा फोन. "दादा, बटण दाबलं की फॅन जरासा फिरतो आणि बंद पडतो. पुढच्या शुक्रवारी माझी ज्युरी आहे." सगळं थ्रीडी मॉडेल त्याच एसएसडीवर. बॅकअप होता, पण दोन आठवड्यांपूर्वीचा.

मी फोनवरच निकाल देऊन टाकला, एसएमपीएस गेलाय. शनिवारी पुण्याहून नवा एसएमपीएस घेऊनच घरी पोचलो. लावला, बटण दाबलं. फॅन जरासा फिरला आणि बंद. बहीण म्हणाली, "आम्ही साइट न बघता ड्रॉइंग काढलं तर सर वर्गाबाहेर काढतात." यावर मी काय बोलणार?

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. एकच रॅम ठेवली, आलटून पालटून दोन्ही पाहिल्या. बोर्डवरचा गोल सेल काढून थोड्या वेळाने परत बसवला. शेवटी बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवला. हे का? कॅबिनेटमध्ये एखादा पितळी स्टँडऑफ चुकीच्या जागी असेल तर बोर्ड शॉर्ट होतो. बाहेर काढल्यावर तो संशय मिटतो. तरी तेच.

आता उरले दोनच आरोपी, प्रोसेसर आणि बोर्ड. प्रोसेसर दुकानात नेऊन दुसऱ्या बोर्डवर तपासायचा ठरवला. इथे एक धोका असतो, नीट ऐका. एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. थर्मल पेस्ट वाळली असेल तर कूलर ओढताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. एरवी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करतात. आमचं मशीन तर बंदच! मग बहिणीचा हेअर ड्रायर घेतला, कूलरला बाजूने ऊब दिली, आणि सरळ वर न ओढता हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवला. दुकानात प्रोसेसर चालला. म्हणजे बोर्डच गेला होता. कशाने गेला ते आजही कळलेलं नाही. बिल शोधलं, तर तीन वर्षांची वॉरंटी कधीच संपलेली.

आता मुद्दा. पहिला पीसी जोडताना आपण आधी प्रोसेसर ठरवतो आणि मग त्याला साजेसा बोर्ड. बदली बोर्ड घेताना घरात प्रोसेसर, रॅम, कार्ड, कॅबिनेट अशी मंडळी आधीच बसलेली असतात, आणि नव्या सुनेचं सगळ्यांशी पटावं लागतं. म्हणून मोबाइलवर बोर्ड बघायच्या आधी कागदावर यादी करा. काय जिवंत आहे, आणि त्याला काय चालतं.

पहिलं, सॉकेट. माझा प्रोसेसर एएम४. इंटेलवाल्यांनो, तुम्ही जास्त जपा. सहाव्या-सातव्या पिढीचं आणि आठव्या-नवव्या पिढीचं सॉकेट नावाने एकच, एलजीए ११५१. पण आठव्या-नवव्या पिढीला ३०० सिरीजचा चिपसेट लागतो, जुन्या बोर्डवर ते प्रोसेसर चालत नाहीत. म्हणून बोर्डच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट यादी असते, ती बघाच. कुठल्या बायोसपासून चालतो, तेही तिथे दिलेलं असतं.

दुसरं, रॅम. डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही. बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या इंटेलसाठी दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, तेव्हा खोक्यावरचं नीट वाचा.

तिसरं, आकार. माझं कॅबिनेट छोटं, त्यात जास्तीत जास्त मायक्रो एटीएक्स मावतो, म्हणजे २४४ बाय २४४ मिलिमीटर. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब.

या चाळणीतून माझ्यासमोर चार रस्ते उरले. एक, लॅमिंग्टन रोडवरून मित्राने सुचवलेला जुना बी४५०. सगळ्यात स्वस्त, पण वॉरंटी नाही, आणि बिघडला तर शुक्रवारच्या आत दुसरा कुठून आणणार? दोन, नवा ए५२०. तीन, नवा बी५५०. आणि चार, माझा लाडका मोह, एएम५. "एवीतेवी खर्च करतोयस तर नवीनच घे," असं मनात सारखं चाललं होतं. पण एएम५ म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम, तिन्ही नवीन. हिशोब केला तर बी५५० च्या चौपट. आणि गेलेला पार्ट फक्त एक!

ए५२० ने काम भागलं असतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. ३६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर, त्याला भारी बोर्ड लागत नाही. फक्त गेमिंग असतं तर तोच घेतला असता. पण मला मिळत होता त्या ए५२० वर रॅमचे स्लॉट दोनच, आणि ते माझ्या दोन रॅमनी भरले असते. बहिणीला रेंडरिंगसाठी १६ जीबी कमी पडतेच. बी५५० वर चार स्लॉट होते, म्हणजे जुन्या रॅम न टाकता पुढे भर घालता येईल. त्या दोन स्लॉटसाठी मी जास्तीचे पैसे दिले. तुमची गरज वेगळी असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येईल.

मंगळवारी बोर्ड आला. मी पुण्यात, ती व्हिडिओ कॉलवर. सगळं तिने स्वतः बसवलं. पहिल्यांदा स्क्रीन काळीच! केबल बोर्डच्या एचडीएमआयला लावली होती. ३६०० मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे केबल कार्डलाच लावावी लागते. ती बदलली, स्क्रीन उजळली, आणि समोर निळं पान. बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागत होता. पाच वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी मीच तो चालू केला होता आणि साफ विसरलो होतो. ती "दादा, मॉडेल गेलं का?" म्हणाली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. की माझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडली. नसती सापडली तर नव्या बोर्डचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता.

म्हणून आजचं काम एवढंच. तुमचा पीसी आज चालू आहे ना? मग आजच रिकव्हरी की शोधून कागदावर लिहून ठेवा, आणि विंडोजचं लायसन्स अकाउंटला जोडलंय का ते बघा. ओईएम लायसन्स असेल तर ते बोर्डबरोबर जातं, हेही लक्षात ठेवा.

ज्युरी झाली. मार्क मला सांगितलेले नाहीत. तो जास्तीचा एसएमपीएस अजून कपाटावर आहे, आणि कुणी पाहुणे आले की ती तो आवर्जून दाखवते.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि बॅकअप घ्या!