एकाच रस्त्याची दोन छायाचित्रे



मुंबईतील बोरीबंदरच्या चौकाचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे एक छायाचित्र आणि त्याच चौकाचे आजचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे पाहणाऱ्याच्या तोंडून पहिला उद्गार बहुधा एकच निघतो : "पूर्वी रस्ते किती मोकळे होते!" हा उद्गार स्वाभाविक आहे, परंतु तेवढ्यावर थांबणे योग्य नव्हे. जुने छायाचित्र हा एक दस्तऐवज आहे, आणि कोणत्याही दस्तऐवजाप्रमाणे तो नीट वाचावा लागतो.

छायाचित्रणाची कला मुंबईत फार लवकर रुजली. १८५४ मध्ये येथे छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामांकित हौशी छायाचित्रकारांपैकी एक होते. त्या वेळी रासायनिक लेप दिलेल्या काचेवर चित्र उमटवावे लागे आणि त्यासाठी भिंग काही सेकंद, प्रसंगी त्याहून अधिक काळ उघडे ठेवावे लागे. इमारत स्थिर असल्याने ती स्वच्छ उमटे. चालता मनुष्य किंवा धावती घोडागाडी मात्र पुसट होई, नाहीतर दिसेनाशीच होई. जुन्या छायाचित्रांतील मोकळेपणाचा काही भाग हा असा यंत्राने निर्माण केलेला आहे. गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळातील छायाचित्रांबरोबर ते वाचावयास घेतले, म्हणजे चित्रातून निसटलेली माणसे पुन्हा रस्त्यावर येतात.

छायाचित्रामागे तारीख लिहिलेली नसली, तरी चित्रातील खुणांवरून काळाचा अंदाज बांधता येतो. बोरीबंदरचेच उदाहरण घ्यावे. रेल्वे स्थानकाच्या भव्य वास्तूचे काम १८७८ मध्ये सुरू झाले. समोरील महापालिकेची इमारत १८९३ मध्ये पूर्ण झाली. तेव्हा दोन्ही इमारती पूर्ण दिसत असतील, तर ते छायाचित्र १८९३ च्या पूर्वीचे असू शकत नाही. घोड्यांच्या ट्राम १८७४ मध्ये सुरू झाल्या आणि विजेवरील ट्राम १९०७ मध्ये आली. रस्त्यात ट्रामचे रूळ आहेत, पण त्यांच्यावर विजेची तार नाही, असे दिसल्यास ते चित्र बहुधा या दोन वर्षांच्या दरम्यानचे समजावे. १९२६ पासून मोटारबस दिसू लागते. मार्च १९६४ च्या अखेरीस शेवटची ट्राम धावली आणि पुढे रूळही चित्रातून नाहीसे झाले. तार, रूळ, दिव्याचा खांब, दुकानाची पाटी या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तू अशा प्रकारे साक्षीदाराचे काम करतात.

काही ठिकाणी छायाचित्र नावाचा अर्थ सांगते. काळा घोडा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकात राजपुत्र असतानाच्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा होता. १९६५ मध्ये तो तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. पुतळा गेला, तरी लोकांच्या तोंडी बसलेले नाव राहिले. २०१७ मध्ये त्या परिसरात स्वार नसलेला नवा काळा घोडा उभा राहिला. या तीन अवस्थांची तीन छायाचित्रे पाहिली, म्हणजे राजवट बदलते तेव्हा रस्ता काय टाकतो आणि काय ठेवतो, हे विद्यार्थ्यास वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हुतात्मा चौकाची गोष्टही अशीच आहे. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडण्यात आला. तटाच्या चर्चगेट या दरवाजाच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. जुन्या छायाचित्रांत हे कारंजे एकटे दिसते. नंतरच्या छायाचित्रांत त्याच्याजवळ संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक दिसू लागते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या परिसरात झालेल्या गोळीबाराची आठवण ते स्मारक जागी ठेवते. आता या चौकाखालून भुयारी मेट्रो धावते. वरून घेतलेल्या छायाचित्रात ती दिसणार नाही, म्हणून चित्राखाली दोन ओळी लिहून ठेवणे आवश्यक ठरते.

जुने ते सर्व चांगले आणि नवे ते सर्व वाईट, असा निष्कर्ष मात्र या तुलनेतून काढू नये. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्त्यांत हवा आणि उजेड पोहोचत नाही, हा प्रश्न तिने ऐरणीवर आणला. १८९८ मध्ये नगर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि जुन्या वस्त्या छेदून रुंद रस्ते काढण्यात आले. आज शामळदास गांधी मार्ग म्हणून ओळखला जाणारा प्रिन्सेस स्ट्रीट हा त्यांपैकी एक. नव्या छायाचित्रात तो प्रशस्त दिसतो आणि त्याचा लाभ खराच आहे. परंतु तो काढण्यासाठी ज्यांची घरे पडली, त्यांची बिऱ्हाडे कोठे गेली, याचे उत्तर त्या छायाचित्रात नाही. मोहंमद अली रोडवरील उड्डाणपुलाने दक्षिणेकडे जाणाऱ्या वाहनांचा वेळ वाचला. पुलाखालचे आकाश मात्र आटले. छायाचित्रांची जोडी निवाडा देत नाही. ती लाभ आणि किंमत एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवते.

येथे एक गंभीर उणीव लक्षात येते. व्यावसायिक छायाचित्रकार ज्याला गिऱ्हाईक होते तेच टिपत असत. त्यामुळे भव्य इमारतींची चित्रे विपुल, तर गिरणगावातील चाळींचे व्हरांडे, सार्वजनिक नळ, खानावळी, पाळी सुटल्यावर गिरणीच्या दारातून बाहेर पडणारा कामगार यांची चित्रे त्या मानाने थोडी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि अनेक ठिकाणी धुराड्यांच्या जागी उंच मनोरे आले. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या रहिवाशांना २०२५ मध्ये नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांना चांगले घर मिळणे ही इष्टच गोष्ट होय. पण चाळ पाडल्यावर तिचे छायाचित्र घेता येत नाही. लग्नाच्या वा गणेशोत्सवाच्या चित्रात पार्श्वभूमीला सहज आलेला जिना आणि कठडा हाच पुष्कळदा त्या जीवनाचा उरलेला पुरावा असतो, आणि तो कुटुंबाच्या पेटीत वाळवीच्या वाटेवर पडलेला असतो.

हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. रस्ता रुंदीकरण, बसस्थानक, धरण, बाजारपेठ यांमुळे तालुक्याची गावेही झपाट्याने बदलत आहेत. शाळेने आणि ग्रामपंचायतीने मनावर घेतले, तर फारशा खर्चाशिवाय हे काम होऊ शकते. जुने छायाचित्र मालकाकडून मागून आणावे, त्याची प्रत घ्यावी आणि मूळ चित्र परत करावे. त्यातील न बदललेली एखादी खूण, म्हणजे देवळाचा कळस, विहीर, डोंगराची कड, शोधून त्याच जागी उभे राहावे. दिशा तीच ठेवावी. सावल्या जुळाव्यात म्हणून शक्यतो वेळ आणि ऋतूही तोच निवडावा. नव्या चित्रासोबत ठिकाण, दिशा, तारीख आणि माहिती सांगणाऱ्या वृद्धांचे म्हणणे लिहून ठेवावे. कोणतेही बांधकाम पाडण्याचा वा रस्ता वाढविण्याचा ठराव होईल, तेव्हा काम सुरू होण्यापूर्वी त्या जागेची चार दिशांनी छायाचित्रे घेऊन दप्तरी लावण्याची प्रथा पडली, तर पुढील पिढीला अंदाजावर विसंबावे लागणार नाही.

अशा नोंदींचा उपयोग केवळ स्मरणरंजनासाठी नसतो. पूर्वी ओढा कोठून वाहत होता, रस्त्याकडेला झाडे किती होती, पायी चालणाऱ्यास किती जागा होती, हे प्रश्न पावसाळ्यात पाणी तुंबले की किंवा अतिक्रमणाचा वाद उभा राहिला की पुढे येतात. त्या वेळी तारीख आणि ठिकाण नोंदलेले एक साधे छायाचित्र अनेक तोंडी साक्षींपेक्षा स्पष्ट बोलते. आज ज्या रस्त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, त्याचे आजचे छायाचित्र हेच पन्नास वर्षांनंतरचे जुने छायाचित्र असणार आहे.