देहाचे एकत्र कुटुंब
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शाळेत शरीरशास्त्र शिकविताना आम्ही फळ्यावर हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे यांची निरनिराळी चित्रे काढीत असू. मुलांना वाटे, प्रत्येकाचा संसार वेगळा. वास्तविक देह हे एकत्र कुटुंब आहे. मूत्रपिंड केवळ रक्त गाळीत नाही; ते रक्तदाब सांभाळते आणि तांबड्या पेशी निर्माण करण्याचा संदेश अस्थिमज्जेस धाडते. म्हणून ते निकामी झाले की रोगी फिका पडतो, त्यास धाप लागते व हृदयावरही भार येतो.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एकाचे मूत्रपिंड त्याच्या आजारी जुळ्या भावास बसविले. तो पुढे आठ वर्षे जगला. दोघे तंतोतंत सारखे जुळे, म्हणून देहाने तो अवयव आपला मानला. परक्या अवयवावर मात्र देह शत्रू समजून तुटून पडतो. ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउन येथे डॉ. बर्नार्ड यांनी एका रोग्यास दुसऱ्याचे हृदय बसविले. देहाचा विरोध शमविण्यासाठी दिलेल्या औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती दुबळी झाली व अठरा दिवसांनी तो न्यूमोनियाने वारला. नवे हृदय चालत होते, फुप्फुसे खचली. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हाच प्रयत्न केला. रोगी काही तासच जगला. अशा अपयशांच्या पायावर आजचे यश उभे आहे.

आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने मेंदूचा मृत्यू हा मृत्यू मानला. त्या वेळी यंत्राच्या साहाय्याने श्वास चालू असतो, अंग उष्ण असते आणि त्याच घटकेस घरच्यांची संमती विचारली जाते. रडत्या घरास तेव्हा काय सुचावे? म्हणून आम्ही आपली इच्छा मुलांस व सुनांस आताच सांगून ठेविली आहे. आमच्या मंडळींनी प्रथम डोळे पुसले, मग म्हणाल्या, "माझेही नाव घाला."

शेवटी एक गोष्ट याच व्यासपीठावरून सांगणे उचित वाटते. अवयव जुळविताना रक्तगट पाहतात. ज्ञात कोणी विचारीत नाही. उद्या आपणांपैकी कोणास अवयव लागला, तर तो कोणत्या घरातून येईल हे सांगता येत नाही. देणारांच्या यादीतही आपली घरे असावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.