तरफेच्या रायफलीवर दुर्बीण

सातपुड्याच्या पायथ्याशीं, वरूडच्या बाजूला वसलेलें शेंदूरजनाघाट हें गांव संत्र्यांच्या बागांसाठीं आणि त्याहूनहि अधिक संत्र्यांच्या कलमांसाठीं प्रसिद्ध आहे. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेलीं तेथील कलमें दूरदूरच्या बागांत जातात. डोंगर जवळ असल्यामुळें बागवानाला जशी पाण्याची चिंता, तशीच रानांतून उतरणाऱ्या जनावरांचीहि. रानडुकरें रात्रीं येतात, रोही पहांटे येतात. आणि जागलीला गेलेल्या माणसाच्या हातांत बहुधा बॅटरी, पत्र्याचा डबा आणि स्वतःचा आवाज एवढींच शस्त्रें असतात. अशा गांवीं चार माणसें शेकोटीजवळ बसलीं म्हणजे बोलणें बंदुकीकडे वळावें यांत नवल नाहीं. मग कोणीतरी विलायती बोलपटांत पाहिलेल्या रायफलीची गोष्ट काढतो. चापाभोंवतींची कडी खालीं ओढून वर दाबली कीं जिच्यांत नवें काडतूस चढतें, ती ही रायफल. आणि तिच्यावर एकदां दुर्बीण बसविली म्हणजे अंधारांतलें जनावर दिवसासारखें दिसतें व नेम म्हणून चुकत नाहीं, असा समज. श्रोतेहो, या समजांत खरें किती आणि खोटें किती, तें आज पाहावयाचें आहे.

ही तरफेची रायफल मूळची अमेरिकेची. १८६० सालीं बेंजामिन टायलर हेन्री यानें तिच्या एका यशस्वी नमुन्याचें पेटंट घेतलें. मुख्य नळीखालीं दुसरी एक बारीक नळी, तींत एकामागें एक ठेवलेलीं काडतुसें, आणि तरफेच्या एका हेलकाव्यासरशीं रिकामें काडतूस बाहेर पडून भरलेलें आंत जाणें, ही तिची रचना. ज्या काळीं ठासणीच्या बंदुकींत दारू भरून गज मारीपर्यंत सावज टेकडी ओलांडून जात असे, त्या काळीं हें यंत्र म्हणजे चमत्कारच वाटला असावा. पुढें जॉन मोझेस ब्राउनिंग या कल्पक कारागिरानें विंचेस्टर कंपनीसाठीं १८९४ चा नमुना तयार केला, आणि १८९५ सालीं त्याच्यासाठीं बिनधुराच्या दारूचें ‘थर्टी-थर्टी’ नांवाचें काडतूस निघालें. या एकाच नमुन्याच्या सत्तर लाखांहून अधिक रायफली पुढें तयार झाल्या. तिकडील दाट रानांत पांढऱ्या शेपटीचें हरिण बहुधा शंभर वारांच्या आंतच दिसतें. रायफल हलकी, आखूड व चपटी असल्यामुळें झुडपांतून नेण्यास सोपी. त्यामुळें हरणांच्या शिकारीची बंदूक म्हणजे हीच, असें तेथें कित्येक पिढ्यांनीं मानलें.

येथें एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या देशांतील बहुतेक संस्थानांत, म्हणजे त्यांच्या राज्यांत, हरणांच्या हंगामांत शिकाऱ्यानें भडक नारिंगी रंगाचें जाकीट किंवा टोपी घालावी असा कायदा आहे. माणसाला तो रंग दुरूनहि दिसतो. हरणाच्या डोळ्याला मात्र नारिंगी व हिरवा यांतला भेद फारसा कळत नाहीं. वरूडच्या पक्क्या संत्र्याचा रंग हरणाला पानांतून उठून दिसत नाहीं, असाच याचा अर्थ.

हिंदुस्थानांत ही रायफल विरळाच. तथापि बंगळूरचे प्रसिद्ध शिकारी व लेखक केनेथ अँडरसन (१९१०-१९७४) यांच्या हातीं १८९५ च्या नमुन्याची .४०५ व्यासाची विंचेस्टर असे, आणि नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या मागें त्यांनीं तीच वापरली. तोच नमुना अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं १९०९ सालीं आफ्रिकेंत नेला होता. वऱ्हाडांत तर फांसेपारध्यांची परंपरा निराळीच. तांतीचे फांस लावून, पायवाटा ओळखून आणि जनावराच्या सवयी पाठ करून हरिण धरण्याची त्यांची विद्या. तिला दुर्बीण लागत नव्हती आणि नळीहि लागत नव्हती.

आतां मुख्य विषय. सामान्य रायफलीवर दुर्बीण बसविणें हें सोपें काम आहे. तरफेच्या जुन्या विंचेस्टरवर तें अवघड होतें. कारण असें कीं, या रायफलीच्या पेटीचें तोंड वर उघडतें आणि रिकामें काडतूस सरळ वर उडतें. तेथें दुर्बीण आडवी आली तर काडतूस तिच्यावर आपटून पुनः पेटींत पडावयाचें आणि यंत्र अडकावयाचें. म्हणून जुन्या काळीं कोणी दुर्बीण डाव्या बाजूला कलती बसवीत, कोणी ती पुढें नळीवर नेत. पुढें नेण्यासाठीं डोळ्यापासून बऱ्याच अंतरावरूनहि चित्र दाखवील अशी खास भिंगें लागतात. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं विंचेस्टर कंपनीनें काडतूस तिरपें उडेल अशी सुधारणा केली. पण मार्लिन कंपनीनें १८८९ सालींच पेटीचा माथा बंद करून काडतूस उजवीकडे टाकण्याची युक्ति योजली होती, आणि १८९९ च्या सॅव्हेज रायफलींतहि काडतूस बाजूनेंच पडे. दुर्बिणीची हौस असणाऱ्यानें या दोहोंपैकीं एक पाहावी. जुन्या विंचेस्टरच्या माथ्यावर भोकें पाडणें म्हणजे चांगल्या वस्तूचा नाश करणें होय.

बसविण्याचें काम सुरू करण्यापूर्वीं रायफल रिकामी करावी, हें सांगावयास नकोच असें वाटेल. पण नळीच्या भात्यांत शेवटचें काडतूस चिकटून राहण्याचा संभव असतो. म्हणून तरफ पुनःपुनः चालवून, शेवटीं पेटींत डोळ्यानें पाहून व बोटानें चांचपून खात्री करावी. नंतर माथ्यावरील भोकांतलें तेल पुसून त्यावर पोलादी बैठक स्क्रूंनीं आवळावी, बैठकीवर दोन कडीं बसवावीं व त्यांत दुर्बीण सैल ठेवावी. कडीं एकदम आवळण्याची घाई हीच पुष्कळांना नडते. प्रथम डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर सहज टेकवावा आणि मग डोळे उघडावे. चित्र पूर्ण वाटोळें दिसलें तर दुर्बीण जागेवर आहे. कडेला काळी किनार दिसली तर ती पुढेंमागें सरकवावी. डोळा आणि भिंग यांत साडेतीन इंचांच्या आसपास अंतर राहिलें पाहिजे. हलक्या रायफलीचा धक्का मोठा असतो, आणि अंतर कमी पडल्यास भिंगाची कड भुंवईवर बसून चंद्रकोर कोरली जाते.

दुसरी अडचण दस्त्याची. या रायफलींचे दस्ते नळीवरच्या साध्या माशीनें नेम धरण्यासाठीं खालीं उतरते केलेले असतात. दुर्बीण त्याहून वर येते, म्हणून गाल उचलावा लागतो आणि उचललेला गाल स्थिर राहत नाहीं. उपाय साधा आहे : चामड्याची गादी दस्त्याला बांधावी, किंवा जाड कापडाच्या घड्या पट्टीनें घट्ट गुंडाळाव्या. दुर्बीण शक्य तितकी खालीं बसवावी हेंहि खरें. पण ती खालीं आली म्हणजे बाहेरचा घोडा तिच्या पोटाखालीं जातो व अंगठा तेथें पोंचत नाहीं. चढवलेला घोडा हळूच उतरवतांना अंगठा निसटणें फार धोक्याचें. यासाठीं घोड्याला बाजूनें लावण्याचें लहानसें पोलादी शेपूट मिळतें. तें पैशाच्या मानानें क्षुल्लक आहे, पण त्यावांचून दुर्बीण लावूंच नये.

दुर्बिणींतील फुलीची उभी तार उभीच असली पाहिजे. तें पाहण्यास शाळेंतल्या भूमितीपेक्षां गवंड्याचा ओळंबा अधिक उपयोगी. वीसपंचवीस वारांवर ओळंबा टांगावा, रायफल सरळ टेकवावी आणि तार दोरीशीं जुळवावी. मग कड्यांचे स्क्रू थोडे या बाजूचे, थोडे त्या बाजूचे, असे आळीपाळीनें आवळावे, म्हणजे दुर्बीण फिरत नाहीं.

यापुढें नेम जुळविणें. खिटीच्या रायफलीची खिटी काढून नळींतून आरपार पाहतां येतें. तरफेच्या बऱ्याच रायफलींत मागून तसें सहज पाहण्याची सोय नाहीं. म्हणून अधिकृत चांदमारीच्या मैदानावर प्रथम पंचवीस वारांवर मोठा कागद लावून एकच गोळी झाडावी. दुर्बिणीच्या चकतीचा एक खटका बहुधा शंभर वारांवर पाव इंच सरकवितो. पंचवीस वारांवर तोच खटका एकषोडशांश इंचच सरकवील. म्हणजे एक इंचाची चूक दुरुस्त करण्यास सोळा खटके फिरवावे लागतील. हा त्रैराशिकाचा हिशोब न करतां चार खटके फिरवून ‘दुर्बीण खराब आहे’ म्हणणारे पुष्कळ आढळतात. त्यानंतर शंभर वारांवर तीनतीन गोळ्यांचे झुबके पाहून नेम कायम करावा. थर्टी-थर्टीची गोळी शंभर वारांवर जुळवली तर दोनशें वारांवर ती सुमारें आठ इंच खालीं जाते. दुर्बिणींतून दोनशें वारांवरचें जनावर जवळ दिसतें, गोळी मात्र जवळ येत नाहीं. जखमी होऊन रानांत गेलेलीं जनावरें पुष्कळदां या एका भ्रमाचींच बळी असतात.

अंधाराविषयींहि असाच भ्रम आहे. दुर्बीण प्रकाश निर्माण करीत नाहीं. पुढच्या भिंगाचा व्यास मोठेपणाच्या आंकड्यानें भागला म्हणजे डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. बत्तीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण चौपट ठेवली तर झोत आठ मिलिमीटरांचा. सातपट केली तर साडेचारांचाच. संधिप्रकाशांत तरुणाची बाहुली सुमारें सात मिलिमीटर उघडते, म्हाताऱ्याची त्याहून बरीच कमी. म्हणजे संध्याकाळीं मोठेपणा वाढविणें हें दिवा बारीक करण्यासारखें आहे. आणि वाढवलेल्या चित्राबरोबर हाताचा कंपहि वाढतो तो निराळाच. दाट रानासाठीं दीडपट ते चौपट पुरे. अमावस्येच्या रात्रीं साध्या दुर्बिणींतून काळोखच मोठा दिसावयाचा.

काडतुसांबद्दल एक इशारा आवश्यक आहे. नळीच्या भात्यांत एका गोळीचें टोंक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, नेमकें जेथें ठिणगी पडते तेथें, टेंकलेलें असतें. अणकुचीदार गोळी असल्यास धक्क्यानें भात्यांतच स्फोट होऊं शकतो. म्हणून चपट्या टोंकाचीच गोळी वापरतात. अलीकडे मऊ, दबणाऱ्या टोंकाच्या गोळ्या निघाल्या आहेत, पण त्याहि याच कामासाठीं बनविलेल्या असाव्या लागतात.

एवढें सर्व करून ही दुर्बीण लावावी काय? ज्याची दृष्टि उतरलेली आहे, ज्याला मागची खांच, पुढची माशी आणि सावज हीं तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहींत, त्यानें अवश्य लावावी. इतरांच्या बाबतींत जाणत्यांत मतभेद आहे. या रायफलीचा सारा गुण तिच्या सुटसुटीतपणांत आहे. ती मधोमध मुठींत धरून दिवसभर चालतां येतें, आणि दुर्बीण नेमकी त्या जागीं बसते. पेटीवर बसविण्याची बारीक भोकाची माशी पुष्कळ स्वस्त, हलकी आणि शंभर वारांपर्यंत पुरेशी आहे. अमेरिकेंतल्या कित्येक जुन्या शिकाऱ्यांचा कल तिच्याकडेच असतो, आणि तो बरोबर दिसतो.

आपल्याकडे तर प्रश्न निराळाच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीला बंदी आली, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीच्या परवान्यांचा उरलासुरला मार्गहि बंद झाला. मेळघाट १९७४ मध्यें व्याघ्रप्रकल्प झाला. ज्या रानांत इंग्रजी अमलांत साहेब लोक शिकारीचे परवाने घेऊन हिंडत, तेथें आज चितळावर किंवा सांबरावर हौसेनें गोळी झाडणें हा तुरुंगाचा गुन्हा आहे. काळविटाला तर कायद्याच्या पहिल्याच परिशिष्टांत स्थान असून, पिकाच्या नासाडीचें कारण त्याच्या बाबतींत चालत नाहीं. उभ्या पिकाचें नुकसान करणाऱ्या कांहीं जनावरांसाठीं कलम ११ खालीं अधिकृत वनाधिकारी कारणें नमूद करून लेखी हुकूम देऊं शकतो. तोंडी होकार उपयोगाचा नाहीं. मारलेलें जनावरहि बागवानाचें नसून सरकारचें असतें. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत पीकसंरक्षणासाठीं मुख्यतः ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, तरफेच्या रायफलीचा नव्हे. आणि गुळगुळीत नळीच्या बंदुकीला दुर्बीण लावणें म्हणजे बैलगाडीला वेगमापक लावण्यासारखें.

तरीहि दुर्बिणीचा एक उपयोग बागेंत राहतोच, आणि तो बंदुकीवांचूनचा आहे. पहांटेच्या धुक्यांत रोह्याची मादी आणि सांबराची मादी दोघीहि बिनशिंगी व करड्या दिसतात. एकीसाठीं हुकूम मिळूं शकतो, दुसरीसाठीं हुकूम नसतांना गोळी सुटली तर बागवानाचें घर कचेरीच्या पायऱ्या झिजवूं लागतें. हा भेद पाहण्यासाठीं रायफलीवरची दुर्बीण डोळ्याला लावणें म्हणजे न ओळखलेल्या वस्तूवर भरलेली नळी रोखणें होय. आणि धुऱ्यापलीकडे हलणारी ती वस्तु कांबळें पांघरलेला शेजारचा जागल्या असूं शकते. म्हणून पाहण्याची दुर्बीण वेगळी असावी : दोन्ही डोळ्यांनीं पाहण्याची, गळ्यांत अडकवलेली, सातपट किंवा आठपट. तींतून रोह्याच्या खुरांवरचीं पांढरीं कडीं, गळ्यावरचा पांढरा डाग आणि खांद्यापासून मागें उतरत गेलेली पाठ फटफटीतहि स्पष्ट दिसते. सांबराला तीं कडीं नसतात. त्याचे कान रुंद, मान केसाळ आणि अंग गडद तपकिरी असतें.