अमजद खान कोण होता?

श्रोतेहो, आज मी तुमच्याशी एका अशा माणसाविषयी बोलणार आहे, जो त्या कागदापुरता कधी नव्हताच. तरी त्याच्या नावाची चर्चा महाराष्ट्राच्या विधानसभेत झाली. त्याचं नाव अमजद खान.

जुलै 2021 च्या पावसाळी अधिवेशनात काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांनी सभागृहात सांगितलं, की 2016-17 मध्ये आपला फोन चोरून ऐकला जात होता आणि कागदावर आपल्या नंबरापुढे नाव होतं अमजद खान. गंमत अशी, की त्या वेळी पटोले भाजपचे खासदार होते. गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी चौकशी जाहीर केली. फेब्रुवारी 2022 मध्ये पुण्यात बंडगार्डन पोलीस ठाण्यात पूर्वीच्या पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला यांच्याविरुद्ध गुन्हा दाखल झाला. आमदार बच्चू कडू यांचा नंबरही असाच एका मुसलमान नावाखाली ऐकला गेला आणि कारण अमली पदार्थांचं दाखवलं गेलं, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं.

याच शुक्लाबाईंच्या नावाशी जोडलेलं दुसरं प्रकरण त्याआधीच पेटलं होतं. राज्याच्या गुप्तवार्ता आयुक्त असताना, ऑगस्ट 2020 मध्ये त्यांनी पोलीस महासंचालकांना एक अहवाल दिला होता. पोलिसांच्या बदल्यांत दलाल फिरतात, असा त्याचा मथितार्थ. तो गोपनीय होता. 23 मार्च 2021 रोजी तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पत्रकार परिषदेत तो जाहीर केला आणि त्याच दिवशी दिल्लीला जाऊन केंद्रीय गृहसचिवांकडे दिला. लगेच दोन तट पडले. भाजप म्हणाला, अहवालात काय आहे ते बघा. महाविकास आघाडी म्हणाली, अहवाल फुटला कसा ते बघा. शिवाय फोन ऐकण्याची परवानगीच सरकारची दिशाभूल करून घेतली होती. मुंबईच्या सायबर पोलिसांनी अनोळखी व्यक्तींविरुद्ध गुन्हा नोंदवला. त्यात 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा लावला होता. मार्च 2022 मध्ये पोलीस फडणवीसांचा जबाब घ्यायला त्यांच्या बंगल्यावर गेले, तेव्हा भाजप कार्यकर्त्यांनी राज्यभर नोटिशीची होळी केली.

आता जरा दोन वर्षं मागे चला. 2019 च्या सुरुवातीला राफेल विमानखरेदीचे संरक्षण खात्यातले कागद ‘द हिंदू’ या वर्तमानपत्रात छापून आले. तेव्हा केंद्रात भाजपचं सरकार. महान्यायवादी वेणुगोपाल सर्वोच्च न्यायालयात म्हणाले, कागद चोरीला गेले आहेत, गुपितांचा कायदा लागू होतो. पुढे खुलासा केला, की मूळ कागद जागेवर आहेत, छायाप्रती बाहेर गेल्या. काँग्रेस तेव्हा म्हणत होती, चोराचं सोडा, कागदात काय आहे ते बघा. एप्रिल 2019 मध्ये न्यायालयाने सरकारची हरकत फेटाळली. ते कागद विचारात घेता येतील, असं सांगितलं. पुढे नोव्हेंबरमध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या, ती गोष्ट वेगळी.

म्हणजे कायदा तोच, वाक्यंही तीच. नुसती माणसं बदलली. 2019 मध्ये जे ‘चोरी, चोरी’ म्हणत होते, ते 2021 मध्ये ‘जनहित, जनहित’ म्हणू लागले, आणि जनहितवाल्यांना चोरी दिसू लागली. आपल्या भाषेत कागदही फुटतो आणि आमदारही फुटतो. दोन्हींत नियम एकच: आपल्याकडे आला तर सदसद्विवेक, दुसरीकडे गेला तर फितुरी.

आमच्या कामथडीत, पुणे-सातारा रस्त्यालगत, चहाच्या टपरीवर या प्रकरणाचा खल व्हायचा. कपाळाला कपाळ लागायचं. एकाचं म्हणणं, त्या बाई प्रामाणिक, सरकार चोर. दुसऱ्याचं उलट. एके दिवशी एका पोराने मला विचारलं, “चाचा, हा अमजद खान म्हणजे ‘शोले’तला का हो?” सगळे हसले. मीही हसलो. गब्बरचं नाव निघाल्यावर कोण हसणार नाही? मग पुन्हा दोघांचं सुरू झालं, कोण खरं आणि कोण खोटं. अमजद खान चहाच्या ग्लासाबरोबर विसळला गेला.

मला मात्र तो सुटेना. अमजद या अरबी शब्दाचा अर्थ अधिक थोर, अधिक गौरवाचा. पोर जन्माला येतं तेव्हा घरातले थोरले मोठ्या आशेने हे नाव ठेवतात. पटोले सभागृहात म्हणाले, की हे नाव घालून प्रकरणाला हिंदू-मुस्लिम रंग दिला. त्यांचं दुःख खरं. पण ते त्यांच्या फोनचं. माझा प्रश्न वेगळा आहे. आरोप खरा धरला, तर खोटं नाव हवं होतं तेव्हा हेच का सुचलं? कारण असं नाव आणि पुढे ‘अमली पदार्थ’ असे दोन शब्द लिहिले, की सही करणारा थबकणार नाही, ही लिहिणाऱ्याची खात्री. ती खात्री कुठून आली, हे ना सत्ताधाऱ्यांनी विचारलं, ना विरोधकांनी.

फोन ऐकायचे नियम नाहीत असं नाही. 1885 च्या टेलिग्राफ कायद्यात ती तरतूद होती. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला वेसण घातली: एरवी गृहसचिवांचाच हुकूम हवा, हुकुमाला मुदत हवी, आणि वरिष्ठ सचिवांच्या समितीने तो पुन्हा तपासायला हवा. 2007 मध्ये हे नियमांत आलं. साठ दिवस, आणि वाढवत नेलं तरी एकशे ऐंशी दिवसांच्या पुढे नाही. आता 2023 चा नवा दूरसंचार कायदा आला आहे. पण समितीपुढे येतात ते कागदच. नंबर, नाव, कारण. तो नंबर खरोखर त्याच नावाचा आहे का, हे मोबाइल कंपनीकडून कळायला किती वेळ लागतो? गावात सिमकार्ड घ्यायला गेलो तर आम्हाला आधारकार्ड मागतात. सरकारला मात्र कुणी आधार मागितला नाही.

प्रकरणांचं पुढे काय झालं? जून 2022 मध्ये सरकार बदललं. अहवाल फुटल्याचा तपास सीबीआयकडे गेला आणि तिने तो बंद करण्याचा अहवाल दिला. सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शुक्ला यांच्यावरचे पुण्याचा आणि मुंबईचा असे दोन्ही गुन्हे रद्द केले. एकात पोलिसांनीच तपास बंद करायचं म्हटलं होतं, दुसऱ्यात सरकारने खटल्याला मंजुरी नाकारली होती. जानेवारी 2024 मध्ये त्या राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. त्यांच्यावर माझा काही आरोप नाही. कायद्याने त्या मोकळ्या आहेत. मला एवढंच दिसतं, की एका सरकारने गुन्हे नोंदवले आणि दुसऱ्याच्या काळात ते मिटले. साक्षी-पुरावे होऊन खरं काय ते ठरलं, असं झालंच नाही.

म्हणून मंडळी, पुढचा कागद फुटेल, आणि तो फुटणारच, तेव्हा तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. कागदात लिहिलंय ते खरं आहे का? तो बाहेर कुणी आणि कशासाठी काढला? आणि त्यात ज्याचं नाव आहे, त्याला कुणी विचारलं का? पहिल्याचं उत्तर टाळायला दुसरा प्रश्न वापरू देऊ नका, आणि दुसऱ्याचं टाळायला पहिला. सरकार कुणाचंही असो, तिन्ही प्रश्न त्याच आवाजात विचारा. आपल्या पक्षाच्या वेळी आवाज खाली आला, तर प्रामाणिकपणाची चर्चा आपण करू नये.

आणि विधिमंडळाकडे एक साधी मागणी करायला हरकत नाही. वर्षाला किती फोन ऐकायची परवानगी दिली, किती नाकारली आणि किती कागदांवर नंबर एकाचा व नाव दुसऱ्याचं निघालं, हे तीन आकडे दर अधिवेशनात सभागृहापुढे ठेवा. नावं नकोत. आकडे सांगितल्याने कोणतंही गुपित फुटत नाही.

अमजद खानाने कुठे तक्रार केली नाही. तो होताच कुठे? पण ज्यांचं ते खरं नाव आहे, अशी माणसं या राज्यात पुष्कळ आहेत. ती दूध घालतात, रिक्षा चालवतात, शाळेत शिकवतात, कर भरतात. त्यांचं नाव कुणाच्या खोट्यासाठी वापरलं जाऊ नये, ही तक्रार त्यांच्या वतीने मी आज इथे नोंदवतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)