भेटीचा परवाना
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या आनंदाच्या दिवशी व्हिसासारखा रुक्ष विषय मी का घेतला, असे काहीजणींना वाटेल. कड्याच्या बाजारपेठेचा आणि व्हिसाचा संबंध तो काय? पण संबंध आहे. आपल्या भागातली माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याला जातात, ऊसतोडीला जातात. आता त्यांत दुबईला, जर्मनीला, अमेरिकेला जाणाऱ्या मुलांची भर पडली आहे. नवरा मुंबईला असेल, तर बायको फडक्यात चार भाकरी बांधते आणि एस.टी.त बसते. तू परत केव्हा येणार, असे तिला कोणी हटकत नाही. नवरा परदेशी असला, की मात्र एका परक्या सरकारला आधी उत्तर द्यावे लागते: बाई, तू परत येणार कशावरून? आज मी या एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

हा प्रश्न काही सनातन नाही. डॉ. आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलात कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांचे पती गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीला होते, ते मागे राहिले. पुढची दोन वर्षे उभयतांचा संसार पत्रांवर चालला. 1885 मध्ये गोपाळराव अमेरिकेस गेले आणि 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाला आनंदीबाईंना वैद्यकीची पदवी मिळाली. पैशाची चणचण, लोकापवाद, समुद्रप्रवासाचा निषेध, सारे काही त्यांच्या वाट्याला आले. व्हिसा मात्र आला नाही, कारण हिंदुस्थानातून जाणाऱ्याला त्या काळी तो लागतच नसे. पहिल्या महायुद्धात सरकारांनी हेरांच्या भीतीने पासपोर्ट आणि व्हिसा सक्तीचे केले. युद्ध 1918 मध्ये संपले. कागद मात्र राहिले.

यांतला फरक नीट ध्यानात घ्या. पासपोर्ट म्हणजे पारपत्र, ते आपले सरकार देते. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये सांगितले, आणि 1978 च्या मनेका गांधी खटल्यात ते अधिक भक्कम केले. तेव्हा घराबाहेर पडण्याचा हक्क आपला आहे. व्हिसा मात्र दुसऱ्याच्या दाराची कडी आहे. ती काढायची की नाही, हे त्या घरचा धनी ठरवतो.

आता तो धनी काय पाहतो? अमेरिकेच्या 1952 च्या कायद्यात 214(ब) नावाचे कलम आहे. पर्यटक म्हणून अर्ज करणारा प्रत्येक माणूस तिथे कायमचा राहायलाच येत आहे, असे ते कलम गृहीत धरते. तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचे. मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत खिडकीपाशी उभे राहून दोन-चार मिनिटांत हे पटवायचे असते. अर्जाची फी 2023 पासून 185 डॉलर आहे, आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. जर्मनी, फ्रान्स वगैरे शेंगेन देशांत दर 180 दिवसांत फार तर 90 दिवस राहता येते, आणि निदान 30,000 युरोंचा आजारपणाचा विमा काढावा लागतो. पद्धती निरनिराळ्या, पण मूळ प्रश्न तोच: परत येणार कशावरून?

यात गोम अशी, की ज्या नात्यासाठी भेट मागायची, त्या नात्यामुळेच संशय येतो. नवी नवरी, पदरी मूल नाही, नवरा तिकडे. अधिकाऱ्याला वाटते, ही कशाला परत येते? म्हणून काही मध्यस्थ सल्ला देतात, की नवरा तिथे आहे हे लिहूच नका, फिरायला चालले म्हणा. वाग्दत्त मुलींनाही हेच शिकवले जाते. भगिनींनो, हा सल्ला कधीही ऐकू नका. अमेरिकेच्या अर्जात पती किंवा नियोजित वर त्या देशात आहे का, असे सरळच विचारलेले असते. तिथे खोटे लिहिलेले उघडकीस आले, तर कायमची बंदी येऊ शकते. नुसता नकार आला, तर पुन्हा अर्ज करता येतो. मात्र पुढच्या अर्जात तो नकारही सांगावा लागतो. पतीला भेटायला जाते, इतके दिवस राहीन, अमुक कामासाठी परत येईन, असे सरळ सांगावे. आणि तिकडे नांदायलाच जायचे असेल, तर पर्यटक व्हिसा मागू नये. पतीच्या नोकरीच्या परवान्यावर पत्नीला मिळणारा वेगळा व्हिसा असतो, तो मागावा.

परत येण्याचा पुरावा कोणता? नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचे पत्र, शिकत असेल तर महाविद्यालयाचा दाखला, स्वतःच्या खात्याचे काही महिन्यांचे पुस्तक. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कोणी तरी लाखभर रुपये खात्यात भरले, तर त्याने संशय वाढतोच. खर्च पती करणार असेल, तर त्याचे पत्र, पगाराचा दाखला आणि तिथल्या परवान्याची प्रत जोडावी.

इथेच आपली खरी अडचण सुरू होते. शेतात राबते ती, पण सातबारा सासऱ्यांच्या नावाचा. दूध घालते ती, पण पैसे जमा होतात दिराच्या खात्यात. ती या गावाशी शंभर दाव्यांनी बांधलेली आहे, हे आपण सगळ्या जाणतो. पण कागदावर त्यातले एकही दावे दिसत नाही. शासनाने 1992 मध्ये लक्ष्मी मुक्ती योजना काढून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. आपल्यापैकी किती घरांत ते नाव लागले, हे आज घरी गेल्यावर उतारा काढून बघा. व्हिसासाठी नको, तुमच्यासाठी बघा. व्हिसाचा अधिकारी विचारतो तो प्रश्न घरच्यांनी कधी विचारलाच नव्हता: तुझे स्वतःचे असे इथे काय आहे?

दुसरी गोष्ट नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, लग्नपत्रिकेत तिसरेच. डिसेंबर 2016 च्या नियमानुसार पासपोर्टसाठी विवाहाचा दाखला लागत नाही, आणि लग्नानंतर नाव बदलण्याची सक्तीही नाही. म्हणून लग्नाची नोंद पुष्कळजणी करतच नाहीत. मग पतीला भेटायचा व्हिसा मागताना, हा तुझा पती कशावरून, असे विचारले की तारांबळ उडते. 1998 च्या कायद्याखाली ग्रामपंचायतीत विवाहाची नोंद होते. अक्षता पडल्या, की त्याच महिन्यात ती उरकून घ्यावी.

दोन सावधगिरीच्या सूचना. व्हिसाचा शिक्का दहा वर्षांचा असला, तरी एका खेपेला किती दिवस राहायचे ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. त्याने दिलेली तारीख मोडू नये. आणि पर्यटक व्हिसावर जा, तिथे घरकाम मिळवून देतो, असे कोणी म्हणाले, तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. अशा कामाला तिथल्या कायद्याचे संरक्षण मिळणे फार कठीण, आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात गेला की बाई अडकलीच.

माझी मंडळाला एक विनंती आहे. दर महिन्याच्या एका दुपारी आपण भजनाला किंवा भिशीला बसतो, तशा कागदांना बसू या. प्रत्येकीने आपापली पिशवी आणावी. शिकलेल्या मुलींनी दाखले, खाती, उतारे तपासावेत, नावातले फरक टिपून घ्यावेत. ज्या सुनांचे नवरे दूर आहेत, त्यांचे काम आधी घ्यावे. त्यांतल्या एखादीला व्हिसा मिळेल, एखादीला नकार येईल. ते आपल्या हाती नाही. पण तिचे नाव तिच्या जमिनीवर, तिच्या खात्यावर आणि तिच्या लग्नाच्या दाखल्यावर असणे, हे मात्र पुष्कळसे आपल्या हाती आहे. ते काम या वर्षात व्हावे, एवढे मागून मी आपली रजा घेते.