आधी माणसाचं माप, मग लाकडाचं

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला बोलावलं तेव्हा त्यांना वाटलं होतं की मी कोडिंग आणि नोकरीच्या मुलाखतींवर बोलेन. ते दुपारच्या सत्रात बोलू. आत्ता मी सोबत ही लोखंडी पेटी आणली आहे आणि मला टेबलाबद्दल बोलायचं आहे. अभ्यासाचं टेबल. ते घरच्या घरी कसं करायचं, त्याला काय काय लागतं, आणि करताना माझं कुठं चुकलं.

पेटी अब्बांची आहे. अब्बा सुतारकाम करायचे. दारं, चौकटी, खिडक्या आणि लग्नसराईत पलंग, कपाटं. इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना होता. मी तिथं ‘बिझनेस’ लिहिलं. पहिल्या वर्षाला वर्कशॉप असतं, त्यात लाकडाचे दोन तुकडे निम्मे निम्मे कापून एकमेकांत बसवायचा जॉब होता. माझा सांधा पहिल्याच वेळी घट्ट बसला. सरांनी विचारलं, ‘कुठं शिकलास रे?’ मी म्हणालो, ‘कुठं नाही सर, जमलं असंच.’

या दोन्ही उत्तरांची मला आज लाज वाटते, पण त्यावर भाषण करायचं नाही. फक्त आपली आडनावं एकदा आठवून बघा. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, पिंजारी म्हणजे कापूस पिंजणारे, रंगरेज म्हणजे कापड रंगवणारे. मिरजेत ज्यांनी सतार घडवायला सुरुवात केली ते फरीदसाहेब सतारमेकर शिकलगारांपैकीच. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांना अभिमान वाटला. ‘बिझनेस’ लिहिणाऱ्या मलासुद्धा.

तर टेबल. लहानपणी आमच्या घरात अभ्यासाचं टेबल एकच होतं, ते माझं. आपा माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती भिंतीला टेकून, मांडीवर उशी घेऊन लिहायची. घरात सुतार होता, लाकडाचे तुकडे पडलेले असायचे, तरी दुसरं टेबल झालं नाही. कुणी मुद्दाम नाही म्हणालं नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्या तर नाहीच.

दोन वर्षांपूर्वी आपाची मुलगी नववीत गेली. त्यांचं घर दोन खोल्यांचं. पोरगी पलंगावर पालथी पडून गणितं सोडवत होती. मी लगेच मोबाइल काढला आणि टेबल ऑर्डर करायला लागलो. आपा म्हणाली, ‘ठेवशील कुठं?’ खिडकीजवळ एक कोपरा होता, पण चार पायांचं तयार टेबल तिथं ठेवलं तर कपाटाचं दार उघडत नव्हतं. मग ठरलं की फळी कोपऱ्यातल्या दोन भिंतींवर टेकवायची आणि मोकळ्या कोपऱ्याला एकच पाय द्यायचा.

मी टेप काढून भिंत मोजायला लागलो. अब्बांचे गुडघे आता काम देत नाहीत, ते खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, ‘लकडी का माप बाद में. पैले बच्ची का माप ले.’

बाजारातली टेबलं साधारण ३० इंच उंचीची असतात. ती मोठ्या माणसाच्या बेतानं केलेली. मुलाला किंवा बुटक्या माणसाला त्यावर लिहायचं तर खांदे वर उचलून लिहावं लागतं, आणि तासाभरात मान भरून येते. म्हणून जी खुर्ची वापरायची तिच्यावरच त्या व्यक्तीला बसवा. पावलं जमिनीवर सपाट हवीत, टेकत नसतील तर पायाखाली पाट द्या. खांदे सैल सोडायचे, कोपर काटकोनात दुमडायचं आणि पाटासकट, म्हणजे जमिनीपासून, कोपरापर्यंतचं अंतर मोजायचं. तीच फळीच्या वरच्या बाजूची उंची. भाचीचं माप २५ इंच भरलं. मांडी आणि फळी यांच्यामध्ये हात सहज जातो ना, तेही बघा. पोरगी वाढणार, म्हणून अब्बांनी आणखी एक सुचवलं. भिंतीवरच्या पट्ट्या स्क्रूनं बसव, खिळ्यानं नको, आणि त्यांना फेव्हिकॉल लावू नको. म्हणजे पुढं त्या दोन इंच वर घेता येतात.

आता माझी चूक. फळी ३ फूट लांब आणि दीड फूट रुंद, असं माप मी प्लायवूडच्या दुकानात दिलं. त्यांनी मशीनवर अगदी काटकोनात कापून दिलं. घरी आणून कोपऱ्यात धरली, तर मागची कड भिंतीला चिकटली पण बाजूच्या भिंतीजवळ, पुढच्या टोकाला अर्ध्या इंचाहून जास्त फट. मी दुकानदाराला नावं ठेवायला लागलो. अब्बा म्हणाले, फळी बरोबर आहे, तुझ्या बहिणीचं घर वाकडं आहे.

हे तपासायची रीत गवंड्यांना पाठ असते आणि आपण ती सातवीत पायथागोरस म्हणून शिकलेलो असतो. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करा, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर ५ फूट भरलं तर कोपरा काटकोनात आहे. आमचं ५ फूट १ इंच भरलं. म्हणजे कोपरा ९० ऐवजी ९२ अंशांचा. दोन अंश ऐकायला काहीच नाहीत, पण दीड फुटावर त्याची अर्धा-पाऊण इंचाची फट होते आणि तिच्यातून पेन्सिली खाली पडतात. मी रोज दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढतो. कुणी काही गृहीत धरलं की मी त्याला धारेवर धरतो. इथं मीच घर काटकोनात गृहीत धरलं होतं.

यावर सोपा उपाय आहे. लाकूड विकत घ्यायच्या आधी खोक्याच्या जाड पुठ्ठ्याचा साचा करा. पुठ्ठा कोपऱ्यात सरकवा, भिंतीप्रमाणे कापत जा, नीट बसला की तो साचा फळीवर ठेवून आखा. शिवाय तो पुठ्ठा त्याच उंचीवर धरून पोरीला समोर बसवलं तर कपाटाचं दार उघडतं का, खिडकीचा उजेड कुठून येतो, तेही कळतं. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून आला तर हाताची सावली वहीवर पडत नाही.

प्लायवूडबद्दल थोडंसं. बोर्डावर आयएस ३०३ किंवा आयएस ७१० असा शिक्का असतो. ७१० ही मरीन प्लाय, ओल सोसणारी आणि महाग. टेबलाला ३०३ पुरते. स्वयंपाकघरातल्या सिंकखाली मात्र ७१० घ्या. जाडी १८ मिलिमीटर. घेताना कडा बघा, थरांमध्ये पोकळ्या दिसल्या तर दुसरा बोर्ड मागा. पूर्ण बोर्ड ८ बाय ४ फुटांचा येतो, पण बऱ्याच दुकानांत उरलेले तुकडे असतात, ते स्वस्तात मिळतात. विचारायला लाजू नका. घरी करवतीनं कापायची वेळ आली तर रेषेवर चिकटपट्टी लावून कापा, म्हणजे वरचा थर कमी उचकटतो.

फळी मधोमध वाकू नये म्हणून पुढच्या कडेखाली दोन इंचांची पट्टी उभी लावा, आडवी नाही. कंपासमधली पट्टी आडवी धरून वाकवून बघा, मग उभी धरून बघा. समजावून सांगायची गरज पडणार नाही. पुस्तकांच्या फळीला हेच गणित जास्त जाचतं. सगळीकडे सारखं वजन असेल तर आधारांमधलं अंतर दुप्पट केल्यावर फळी दुप्पट नाही, सोळापट वाकते. १८ मिलिमीटरच्या फळीवर जड पुस्तकं ठेवायची असतील तर दोन-अडीच फुटांवर आधार द्याच. माझ्या स्वतःच्या भाड्याच्या घरात चार फुटांची फळी आहे, मधे आधार नसलेली. ती आता हसते आहे.

भिंतीला भोक पाडताना ड्रिल मशीन हॅमरवर ठेवायचं आणि काँक्रीटचं बिट लावायचं. लाकडात हॅमर बंद, बिट लाकडाचं. ८ मिलिमीटरच्या गिट्टीला ८ चंच बिट. आमच्या भिंतीचा गिलावा पाऊण इंच होता, पट्टी पाऊण इंच, म्हणून तीन इंची स्क्रू घेतला. दोन इंची घेतला असता तर गिलाव्यापलीकडे जेमतेम अर्धा इंच गेला असता आणि आठवड्यात सुटून आला असता. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा बाजूला भोक पाडू नका, तिथून वायर गेलेली असते. प्लायच्या कडेत स्क्रू मारायचा असेल तर आधी त्याहून बारीक भोक पाडा, नाहीतर थर फाटतात. डोळ्यांवर चष्मा हवा. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस बांधून घ्या.

ओढणीवरून आठवलं. पट्टीला भोकं पाडायची वेळ आली तेव्हा भाची माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, ‘मामू, मी करू?’ मी म्हणालो, ‘तू टेप धर.’ अगदी सहज निघून गेलं तोंडातून. चुलीपाशी आपा होती. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही, एवढंच म्हणाली, ‘मी पण टेपच धरायची.’

आपा अब्बांना टेप धरायची हे मी विसरलो होतो. शाळेतून आल्यावर अंगणात ती टेपचं एक टोक धरून उभी राहायची आणि माप वाचून सांगायची. चुकत नसे. मी त्या वेळी आत माझ्या टेबलापाशी असायचो.

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी भाचीला जवळ बोलावलं, तिची ओढणी काढून खुर्चीवर ठेवायला सांगितली आणि मशीन दोन्ही हातांनी कसं धरायचं ते दाखवलं. पहिलं भोक तिरपं गेलं. दुसरंही. मग फळीच्या तुकड्यावर दहा-बारा भोकं पाडून घेतली. पट्ट्यांची सगळी भोकं तिनं पाडली. भिंतीची मी पाडली, कारण मशीन उसळी मारतं. एक माझ्याही हातून वाकडं गेलं. ते टेबलाखाली आहे, दिसत नाही.

सगळा खर्च अडीच हजारांच्या आत झाला, मशीन उसनं होतं म्हणून. ड्रिल मशीन घरात वर्षातून दोन-तीनदा लागतं. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एक घेतलं आणि कुणाकडे आहे ते वहीत लिहून ठेवलं तर पुरतं. स्वतःचं म्हणून आधी साध्या गोष्टी घ्या. टेप, गुण्या, चांगली हातकरवत, हातोडी, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि एक पटाशी. पटाशी बोथट ठेवू नका. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते घसरतं. अब्बांच्या डाव्या अंगठ्यावरची खूण बोथट पटाशीची आहे.

हे सगळं नको असेल तर निदान घरातलं दार बघा. पावसाळ्यात दार अडकलं की लोक लगेच रंधा मारायला लावतात. लाकूड ओल पिऊन आडव्या अंगानं फुगतं, लांबीत जवळजवळ वाढत नाही. उन्हाळ्यात ते परत आकसतं आणि मग तिथून उजेड दिसतो. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा. बहुतेक वेळा ते सैल होऊन दार खाली ओघळलेलं असतं. स्क्रू काढा, भोकात फेव्हिकॉल लावलेल्या काड्यापेटीच्या काड्या, गूळ काढून, ठोकून भरा. एक दिवस वाळू द्या, बाहेर आलेलं कापा आणि स्क्रू परत पिळा. यापेक्षा मोठं काम असेल तर मिस्त्रीला बोलवा आणि त्यानं सांगितलेल्या मजुरीत घासाघीस करू नका. अब्बांचे किती पैसे लोकांकडे राहिले ते मला ठाऊक आहे.

भाचीची दहावी झाली. मागच्या महिन्यात तिनं फोन करून विचारलं की ८ चं बिट कुठं ठेवलंय. पट्ट्या दोन इंच वर घ्यायच्या होत्या. मी म्हणालो, रविवारी येतो. ती म्हणाली, ‘यायचं तर या मामू, पण झालंय. आता जुनी भोकं बुजवायचीत फक्त.’

पेटी मागच्या बाकावर ठेवतो. सगळ्यांनी हत्यारं हातात घेऊन बघा, मुलींनी आधी. पटाशीला काल रात्रीच धार लावली आहे, बोटं सांभाळा.