दाढेचा ठणका
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका दंतवैद्य सभासदाने केलेले भाषण)



श्रीखंड-पुरीची पंगत उठल्यावर दंतवैद्याला बोलावयास उभे करणे ही कार्यवाहांची विनोदबुद्धी म्हणावी की दूरदृष्टी, हे आम्हांस ठरविता येत नाही. पण या कलकत्त्यात ते अगदीच नवे नाही. भारतातील पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली येथेच काढले आणि त्याच्या खर्चाची तरतूद सोडा-फाउंटनच्या दुकानातून केली. गोड पेयांच्या पैशांतून दातांची शाळा उभी राहिली!

१९७९ साली आमच्या मातोश्री नागपूरहून आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. आम्ही तेव्हा दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला होतो. मातोश्रींची दाढ दुखू लागली. जवळच्या डॉक्टरांनी काय होते म्हणून विचारले, तेव्हा त्यांना येत असलेले दोनच बंगाली शब्द त्या बोलल्या, ‘खूब ब्यथा’. गोळ्या मिळाल्या. घरी मात्र त्या आम्हांला म्हणत होत्या, “अरे, उशीला डोकं टेकलं की ठणका लागतो. चहाचा घोट घेतला की कळ मस्तकात जाते आणि जाता जात नाही.” पाचव्या दिवशी दुखणे एकाएकी थांबले. लवंगेचा गुण आला म्हणून घरात आनंद झाला आणि त्या आनंदात आम्हीही सामील होतो, हे आज सांगताना संकोच वाटतो.

मातोश्रींच्या त्या दोन वाक्यांत संपूर्ण निदान होते. दाताचे वरचे कवच, एनॅमल, यास संवेदना नसते. तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल हे कवच झिरपवते, तोवर काहीच कळत नाही. कीड आतल्या थरात उतरली की थंड आणि गोड खाताना सणक येते, पण ती क्षणात जाते. हिरड्या खाली सरकून मूळ उघडे पडले तर दात नुसता शिवशिवतो. गरमाने उठणारी, रेंगाळणारी कळ आणि रात्रीचा ठणका यांचा अर्थ निराळा आहे. दाताच्या गाभ्यातील नस सुजलेली असते. चहूबाजूंनी टणक भिंती, सुजेला पसरावयास जागा नाही; त्यात आडवे झाले की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. पुढे नस मरते आणि दुखणे थांबते. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात. मग चावताना तो दात इतरांहून उंच झाल्यासारखा लागतो, गाल ठसठसतो.

मातोश्रींचे तसेच झाले. पंधरा दिवसांनी जबड्याखाली सूज आली, ताप भरला, तोंड दोन बोटेही उघडेना. घरच्यांनी बाहेरून शेक दिला, तो देऊ नये. रुग्णालयात दाढ काढून पू वाहता केला, तेव्हा त्या वाचल्या. तोंड उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. त्या रात्रीच रुग्णालय गाठावे.

सणक आहे तोवर साध्या भरणाने काम भागते. ठणका लागला की रूट कॅनाल करावे लागते, नाहीतर दात काढावा लागतो. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी किडलेली दाढ बरी होत नाही. लवंग तेलातील युजेनॉलने बधिरता येते हे खरे, पण ती एका रात्रीपुरती. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरणाऱ्यांची हिरडी भाजलेली आम्ही अनेकदा पाहिली आहे. आणि मशेरी! तिने दात घट्ट होतात ही समजूत कित्येक घरांनी गावाहून सामानासोबत आणली. ती भाजलेली तंबाखू आहे, आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो.

आता संदेशाचे काय, हा प्रश्न येणारच. किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे दाताला अधिक बाधते. प्रत्येक गोड घासानंतर तोंडातील आम्ल ओसरावयास सुमारे अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक लागतो. चार संदेश जेवणासोबत एकदम खाणारा, दिवसभर साखरेचा चहा घोटघोट घेणाऱ्यापेक्षा सुरक्षित. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोनदा दात घासावेत आणि त्यांतली रात्रीची वेळ कधीच चुकवू नये, कारण झोपेत लाळ आटते. पेस्ट थुंकावी, पण लगेच खळखळून चूळ भरू नये.

मातांना एक विशेष सांगणे आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच समजून तिची हेळसांड होते. ती कायमची असते. आमच्याकडे मुलांच्या ज्या कायमच्या दाढा काढाव्या लागतात, त्यांत हीच पुष्कळदा असते.

घरी कोणी वडीलधारे पाहुणे आले आणि त्यांचा दात दुखू लागला, तर दवाखान्यात त्यांच्याबरोबर जावे आणि त्यांच्या मराठीचा अर्थ डॉक्टरांना सांगावा. आमच्या तरुण बंगाली सहकाऱ्याने सणक, ठणका, ठसठस, शिवशिव हे शब्द वहीत उतरवून घेतले आहेत. ‘ठणका’ त्यास उत्तम साधतो. ‘शिवशिव’ अजून ‘शिबशिब’च होते.